अंगणातला एकटा ससा आणि निफाडकडची थंडी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पिंपळगाव बसवंतजवळ मळ्यात घर आहे, लेकीचे दोन ससे होते, त्यातला एक दिवाळीच्या सुमारास गेला, आता एकच पांढरा नर उरलाय, वय दीड वर्ष, वजन २ किलोच्या आसपास, पिंजरा अंगणात आणि चारी बाजूंनी नुसती जाळी, पहाटेचा पारा आत्ताच ८-९ वर आलाय, तर बल्ब लावू का, स्वेटर घालू का, रात्री घरात घेऊ का की दुसरा ससा आणू. मी १९ वर्षं ससे पाळतेय, एके काळी ४० च्या वर होते, आता ५ आहेत आणि आमचं गावही निफाड तालुक्यातच, त्यामुळे ही थंडी मला पुस्तकातली नाही, अंगावरची माहितीये. डिसेंबर २०१८ मध्ये कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा २ अंशांच्या खाली गेला होता, तेव्हाही माझे ससे बाहेर पडवीतच होते आणि सगळे नीट राहिले. त्यामुळे आधी घाबरणं सोडा, पण निष्काळजी पण राहू नका, कारण तुमचा ससा एकटा आहे आणि एकट्या सशाचा हिशोब वेगळा असतो.

आधी हे समजून घ्या की निरोगी मोठ्या सशाला थंडी तेवढी बाधत नाही जेवढं ऊन बाधतं. त्याला १५ ते २० अंश सगळ्यात बरं वाटतं, ३० च्या वर गेलं की त्याचे हाल सुरू होतात कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही, मुख्यतः कानांतूनच उष्णता बाहेर टाकतो. खाली मात्र तो बराच उतरू शकतो. हा पाळीव ससा मूळचा स्पेन-पोर्तुगालकडचा, बीळ करून कळपाने राहणारा. आपल्या रानातला ससा ही वेगळीच जात, तो बिळात राहत नाही, गवतात बसून रात्र काढतो (आणि तो पाळणं कायद्याने गुन्हा आहे, मळ्यात पिल्लू सापडलं तरी उचलून आणू नका). तर तुमच्या सशाचा पूर्वज थंडीत काय करायचा, जमिनीखाली कोरड्या बिळात, वारा नाही अशा जागी, बाकीच्यांना चिकटून बसायचा. यातल्या तीन गोष्टी तुमच्या पिंजऱ्यात आज नाहीत. वारा चारी बाजूंनी येतोय, दव पडतंय म्हणजे ओल आहे, आणि चिकटून बसायला कोणी नाही. पहिल्या दोन तुम्ही एका रविवारी दुरुस्त करू शकता, तिसरीवर नंतर येते.

पिंजरा अंगणाच्या मधून उचला आणि घराच्या भिंतीला लावून पडवीत किंवा शेडखाली घ्या, एक बंद बाजू उत्तरेला आणि तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला, म्हणजे सकाळचं कोवळं ऊन आत येईल आणि उत्तरेचा गार वारा अडेल. जमिनीपासून दीड-दोन फूट वर हवा. विटा लावा, जुना लोखंडी स्टँड लावा, काहीही चालेल, पण फरशीवर टेकवू नका, रात्री फरशीचा गारठा वर येतो आणि उंदीर, साप, मुंगूस यांनाही सोपं जातं. मागची बाजू, दोन्ही कडेच्या बाजू आणि छप्पर प्लायवूडने बंद करा. समोरची बाजू जाळीची राहू द्या आणि तिच्यावर रात्री बारदान सोडा, ते वरून अर्ध्या-पाऊण भागापर्यंतच येऊ द्या, खालची चार-सहा बोटं मोकळी पाहिजेतच. बारदान बाहेरून बांधायचं, आत लोंबता कामा नये, ससा त्याचे दोरे ओढून ओढून खातो आणि ते पोटात गुंता करतात.

इथे मला माझी पहिली थंडी सांगावीशी वाटते. तेव्हा मला वाटायचं हवा अजिबात जाता कामा नये, म्हणून मी अख्खा पिंजरा द्राक्षबागेच्या प्लॅस्टिक कागदाने गच्च गुंडाळला होता. सकाळी कागद काढला की आतून पाणी ओघळायचं आणि लघवीचा वास डोळ्यात चुरचुरायचा, मला वाटलं थंडीचं असंच असतं. आठवड्याभरात दोन ससे शिंकायला लागले, नाकाला पांढरा चिकट शेंबूड, पुढच्या पायांचे केस नाक पुसून पुसून चिकट झालेले, आणि त्यातली एक मादी वाचली नाही. ती थंडीने गेली नव्हती, मी गेली १९ वर्षं स्वतःला हे सांगतेय, ती ओल आणि अमोनियाने गेली. सशाच्या लघवीत अमोनिया खूप होतो, त्याने नाकाची आतली त्वचा हुळहुळी होते आणि मग जंतू आयतेच शिरतात. म्हणून सांगते, वारा अंगावर नको पण हवा खेळती पाहिजेच. साधी परीक्षा आहे, पहाटे उठून पिंजऱ्यात तोंड घाला, तुमच्या नाकाला झोंबलं तर तो रात्रभर त्यातच होता.

आता झोपायची पेटी. एकट्या सशासाठी हीच सगळ्यात महत्त्वाची, कारण मोठ्या पिंजऱ्यातली हवा तो एकटा गरम करू शकत नाही, छोट्या पेटीतली करतो. २ किलोच्या सशाला आतून २० इंच लांब, १४ इंच रुंद, १४ इंच उंच एवढी पेटी पुरते, त्यात तो ताणून झोपू शकेल आणि वळू शकेल. तोंड ६-७ इंचाचं, आणि ते मधोमध न ठेवता एका कोपऱ्यात ठेवा म्हणजे झोपायची जागा वाऱ्याच्या रेषेत येत नाही. प्लायवूडची करून घ्या, सुताराकडे अर्ध्या दिवसाचं काम आहे, आणि झाकण वरून उघडणारं करा नाहीतर साफ करायचा कंटाळा येईल आणि मग साफ होणारच नाही. तोपर्यंत द्राक्षाचा पुठ्ठ्याचा खोका उलटा ठेवला तरी चालतं, फक्त चिकटपट्टी आणि पिना काढून टाका, तो कुरतडेल तर कुरतडू द्या, चार-सहा दिवसांनी बदलायचा. थर्माकोल मात्र आत अजिबात नको, ससा तो खातो. प्लायच्या दोन थरांच्या मध्ये बंद करून घातला तर उत्तम ऊब धरतो.

पेटीत खाली वर्तमानपत्राचे ५-६ थर आणि त्यावर भाताचा पेंढा, वीतभर जाड, दाबून न बसवता मोकळा. पेंढ्याच्या काड्या पोकळ असतात, त्यात हवा अडकते, म्हणून तो उबदार. आपल्याकडे भात नाही पण इगतपुरी-त्र्यंबककडून पेंढा येतो, कोणाकडे तरी मिळतोच. गव्हाचं काड असेल तर तेही छान, पण मशीनमधून निघालेला बारीक भुसा नको, त्याची धूळ नाकात जाते. लाकडाचा भुसा पण नको. जुनी गोधडी, स्वेटरचे तुकडे, चादर असलं काही घालू नका, एकदा लघवीने ओलं झालं की ते गार फडकं होऊन बसतं आणि शिवाय तो खातो. पेंढा ओला झालेला भाग रोज सकाळी काढायचा, रोज म्हणजे रोज, आणि आठवड्यातून एकदा सगळं काढून पेटी उन्हात वाळवायची. आपल्याकडे थंडीतही दुपारी कडक ऊन असतं, त्याचा फायदा घ्या. पिंजऱ्याचा तळ जाळीचा असेल तर अर्ध्या भागावर फळी टाका, थंड तारेवर बसून बसून मागच्या टाचांना जखमा होतात, केस जाऊन लाल होतात, ते बरं व्हायला महिने लागतात.

बल्ब नको. मला माहितीये कोंबडीच्या पिल्लांना लावतात म्हणून डोक्यात येतं, पण ससा वायर दिसली की कुरतडतो, पेंढा शेजारी असतो, आग लागायला वेळ लागत नाही. दुसरं म्हणजे रात्रभर उजेड त्याला त्रासदायक असतो. आणि रोज रात्री उबेची सवय लागली की अंगावर थंडीचे केस नीट येत नाहीत, मग ज्या रात्री लाईट जाईल, आणि आपल्याकडे मळ्यात ती जातेच, त्या रात्री तो उघडा पडतो. स्वेटरही नको, ससा अंगावरचं कापड सहन करत नाही, चावतो, घाबरतो, आणि त्याचे केस फुगून जी ऊब धरतात ती कापडाने दबून जाते. आंघोळ तर कधीच नाही, थंडीत तर चुकूनही नाही. फारच गारठा पडला, समजा पारा ४-५ च्या खाली गेला, तर जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत कोमट-गरम पाणी भरून जुन्या टॉवेलात गुंडाळून पेटीच्या बाहेरून, भिंत आणि पेटी यांच्या फटीत ठेवा. त्याच्या दाताला लागणार नाही आणि एक बाजू चार तास तरी उबदार राहते.

घरात घ्यायचं का, तर दोन्हीकडे अर्धं अर्धं करू नका. रात्री घरात जिथे चूल, गॅस, माणसं आहेत अशा उबदार खोलीत आणि सकाळी सहाला परत दवात, हे सगळ्यात वाईट. घ्यायचाच असेल तर पडवी, कोठीची खोली, खताची-औषधाची नसलेली शेड, जिथे बाहेरच्यापेक्षा थोडीच ऊब आहे पण वारा नाही अशी जागा. पिल्लू असेल, ५-६ वर्षांच्या पुढचा म्हातारा असेल, हडकलेला किंवा आजारी असेल तर मात्र घरातच कायमचा घ्या, थंडी संपेपर्यंत. तुमचा दीड वर्षाचा आहे, खाऊनपिऊन असेल तर पडवीत मजेत राहील.

आता खाणं, कारण सशाची खरी शेकोटी त्याच्या पोटात असते. चारा आतड्याच्या पिशवीत आंबतो आणि त्यातून अंगाला ऊब मिळते, म्हणून थंडीत रात्री त्याच्यापुढे वाळलेलं गवत संपता कामा नये. मारवेल, पवन्या, डोंगरी गवत, जे मिळेल ते, धूळ आणि बुरशी नसलेलं, त्याच्या स्वतःच्या आकाराएवढा ढीग रोज. एकूण खाण्यातला ८० टक्के भाग हाच हवा. पेंढा अंथरायला आणि गवत खायला, हे दोन वेगळे ठेवा, तो पेंढा थोडा खाईल, हरकत नाही, पण त्यावर पोट भरत नाही. गवत कुरतडण्याने दातही झिजतात, सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात. घास म्हणजे लसूणघास आपल्याकडे भरपूर म्हणून लोक टोपलंभर टाकतात, तो मोठ्या सशाला रोजचा मुख्य चारा नको, त्यात कॅल्शियम जास्त, लघवी दाट पांढरी चिखलासारखी व्हायला लागते. मूठभर ठीक. मेथी, कोथिंबीर, गाजराचा पाला चांगला. गाजर दोन चकत्या. बाजरीची भाकरी, चपाती, बिस्किट, गूळ, थंडी आहे म्हणून मूठमूठ हरभरे, यातलं काहीच नको, माणसाला जे थंडीत पौष्टिक ते सशाच्या पोटात गॅस करतं. गोळी खाद्य देत असाल तर रोज ५० ग्रॅमच्या आसपास पुरे, कडाक्याच्या दिवसांत मूठभर वाढवलं तरी चालेल.

दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी. द्राक्षबागेतल्या वेलीखालचं गवत कितीही हिरवंगार दिसलं तरी कापून आणू नका, थंडीतच बागेत फवारण्या चालू असतात आणि ते सगळं खालच्या गवतावर उतरतं, वेलीचा पाला पण नको. बांधावरची हराळी आणायची तर फवारणीपासून लांबच्या बांधाची, आणि दव उतरल्यावर दहा-अकराला कापून तास-दोन तास सुकवून द्या, दवाने चिंब गार चारा देऊ नका. दुसरं, पारा उतरला की पहाटे बागांमध्ये शेकोट्या पेटवतात, धूर करतात, मणी तडकू नयेत म्हणून आपल्याला ते करावंच लागतं, पण तो धूर जमिनीलगत पसरतो आणि सशाचं नाक-फुप्फुस फार नाजूक असतं, म्हणून पिंजरा बागेच्या बाजूला तोंड करून ठेवू नका.

पाणी इथे गोठत नाही पण इतकं गार होतं की ससा प्यायचं कमी करतो, आणि पाणी कमी झालं की पोट घट्ट होतं. २ किलोच्या सशाला दिवसाला साधारण १०० ते ३०० मिली लागतं. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यातून तो जास्त पितो. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला कोमट पाणी बदला, गरम नाही, हाताला लागेल न लागेल एवढं.

आता तो एकटा आहे त्याबद्दल. माझ्याकडे पाच एकत्र असतात तेव्हा रात्री ते एकमेकांना चिकटून बसतात ही एक गोष्ट, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे चार जण गवतावर तुटून पडले आणि एक कोपऱ्यात बसला तर मला लगेच कळतं. तुमच्याकडे तुलनेला दुसरा नाहीच. तो कोपऱ्यात अंग फुगवून बसला की घरातले सगळे म्हणणार, थंडीने बसलाय बिचारा. हे वाक्य मला फार भीतीदायक वाटतं, कारण मी कितीतरी जणांकडून ते ऐकलंय आणि दुसऱ्या दिवशी ससा गेलेला असतो. थंडी वाजणारा निरोगी ससा उलट जास्त खातो. जो खात नाही त्याचं पोट बंद पडत चाललंय असं समजायचं, सशाचं आतडं थांबलं की वेळ फार कमी असतो. शिवाय तुमच्या सशाचा जोडीदार नुकताच गेलाय, त्यानंतर काही ससे आपोआपच खाणं कमी करतात, म्हणजे तुमच्याकडे हा धोका दुप्पट आहे.

म्हणून लेंड्या बघायच्या. एकट्या सशाची तब्येत सांगणारी हीच खरी खूण. रोज सकाळी पेटीतला ओला पेंढा काढताना बघा, नेहमीएवढ्या आहेत का, गोल, वाटाण्यापेक्षा जरा लहान, कोरड्या आणि आत गवताच्या काड्या दिसणाऱ्या. लहान, वाकड्या, केसांनी माळेसारख्या जोडलेल्या किंवा कमी झाल्या तर त्याच दिवशी लक्ष द्या. १० ते १२ तास काही खाल्लं नाही आणि लेंडी नाही तर सकाळची वाट बघायची नाही, डॉक्टर गाठायचा. तालुक्याचे डॉक्टर गाईम्हशींचे असतात, चांगलेच असतात, पण फोनवर आधी विचारा की सशाला औषध दिलंय का, नाहीतर नाशिकला पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात न्या. पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनच्या गटातलं औषध सशाला तोंडावाटे चालत नाही, आतड्यातले चांगले जंतू मरून ससा दगावतो, हे तुम्ही स्वतः आठवणीने सांगा. कुत्र्याच्या पिसवांचं फिप्रोनिल असलेलं औषधही कधी लावू नका.

कान गार लागले म्हणून एकदम घाबरू नका, थंडीत ससा कानातलं रक्त कमी करून अंगाची ऊब वाचवतो. कान गार आणि शिवाय अंग ढिलं, हाक मारली तरी कान हलत नाहीत, उचललं तर फडक्यासारखा लोंबतो, तर मात्र अंग आतून थंड पडलंय. त्याच्या अंगाचं तापमान ३८.५ ते ४० असायला हवं. अशा वेळी टॉवेलात गुंडाळून छातीशी धरा, कोमट पाण्याची बाटली टॉवेलाबाहेरून लावा, शेकोटीपुढे धरू नका, तोंडात दूध-पाणी ओतू नका, ते फुप्फुसात जातं. तसंच गाडीत घालून निघा.

थंडीत खरूजही येते. नाकाच्या शेंड्यावर, कानाच्या कडेला, बोटांमध्ये राखाडी खपली दिसली तर ती थंडीने फुटलेली कातडी नव्हे, किडे आहेत, तेल लावून जात नाही. आयव्हरमेक्टिनच्या इंजेक्शनने छान बरी होते पण डोस वजनावर असतो, डॉक्टरकडूनच घ्या, आणि तोपर्यंत लेकीला हातमोज्याशिवाय उचलू देऊ नका, माणसालाही खाज सुटते. शेपटीखाली पण रोज बघा, आपल्याकडे जानेवारीतही दुपारी २८-२९ अंश होतं, माशा असतात, घाणीत अंडी घातली की अळ्या पडतात.

दिवसभर कोंडून ठेवू नका बरं का. दव वाळलं की नऊ ते अकरा आणि संध्याकाळी पाचनंतर तासभर मोकळा सोडा, ससा पहाटे-संध्याकाळीच जास्त हलतो, पळाला की अंग गरम होतं आणि आतडंही चालतं. कोणीतरी सोबत बसूनच, कारण मांजर, कुत्रं, घार, आणि उसाच्या बाजूला बिबट्या, हे तुम्हाला सांगायला नको. रात्रीसाठी समोर कोंबडीची पातळ जाळी असेल तर ती बदलून वेल्ड मेश, म्हणजे सांधे जोडलेली जाड तारेची जाळी लावा आणि कडीला खिळा किंवा कुलूप. कुत्र्याने नुसती धडक दिली तरी ससा भीतीने मरू शकतो, आत शिरायची गरजच नसते.

दुसरा ससा आणायचा का? आणा, पण उबेसाठी म्हणून या डिसेंबरात घाईने आणून त्याच पिंजऱ्यात सोडू नका. नर-नर तर जीव घेईपर्यंत भांडतात, आणि मादी आणली तर महिन्याभरात, ३० ते ३२ दिवसांत पिल्लं, तीही ऐन थंडीत उघड्या अंगाची. आधी तुमच्या नराचं नसबंदीचं ऑपरेशन करून घ्या, सशाचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडून, त्यानंतरही सहा आठवडे तरी मादीपासून लांब, आणि नवीन सशाला दोन-तीन आठवडे वेगळं ठेवून मग दोघांच्याही नसलेल्या जागेत, थोडा थोडा वेळ, तुमच्या डोळ्यासमोर ओळख. म्हणजे फेब्रुवारी-मार्च उजाडणारच. माझं स्पष्ट मत आहे की ससा एकटा राहू नये, तो कळपाचा प्राणी आहे, पण तोपर्यंत त्याचा कळप तुम्हीच. संध्याकाळी लेकीने त्याच्याजवळ जमिनीवर बसून अभ्यास केला तरी खूप आहे, उचलायची गरज नाही, तो आपणहून येऊन हनुवटी घासून जाईल.

आज रात्री एवढंच करा, पिंजरा भिंतीला आणा, पुठ्ठ्याचा खोका आणि पेंढा घाला, समोर बारदान सोडा, गवताचा ढीग आणि कोमट पाणी ठेवा. रविवारी सुतार. आणि लेकीला एक वही द्या, रोज सकाळी गवत किती उरलं, पाणी किती प्यायला, लेंड्या कशा होत्या, आणि दर रविवारी भाजीच्या काट्यावर टोपलीत बसवून वजन. ८-१० दिवसांनी त्या वहीतलं मला सांगा, वजन १०० ग्रॅमनेही उतरलेलं दिसलं तर थांबू नका, त्याच दिवशी कळवा.